मराठवाड्याचं दप्तर मराठवाड्याच्या हाती राहू द्या

मराठवाड्यातल्या साहित्यसंस्था, सार्वजनिक ग्रंथालयं आणि महाविद्यालयांचे मराठी विभाग यांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली दहा-बारा वर्षं आपण सगळेच एक गोष्ट करत आलो आहोत. ती आता थांबवावी, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. आपल्या संस्थांची कविसंमेलनं, व्याख्यानं, ग्रंथप्रकाशनं, स्मृतिदिनाची भाषणं, जुन्या लेखकांची छायाचित्रं असं सगळं आपण दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या खात्यांवर चढवतो आणि काम झालं असं धरून चालतो. मूळ फाइल कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. मोबाइल बदलला की तीही जाते. अमुक साली गंगाखेडला जनाबाईंवर झालेलं व्याख्यान कुठे ऐकायला मिळेल, असं उद्या एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं तर त्याला काय सांगायचं?

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. आपल्या सगळ्या संस्था नोंदणीकृत आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, दरवर्षी ऑडिट होतं, प्लास्टिकच्या खुर्च्यांचीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते. पण एखाद्या मोठ्या लेखकाचं आपल्याच सभागृहात झालेलं भाषण कोणत्याही रजिस्टरला नसतं. ते संस्थेचं आहे की ज्याने चित्रण केलं त्याचं, याचाही कागद नसतो.

शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या संस्थेचं उदाहरण सांगतो. तिचं एका समाजमाध्यमावर पान आहे. तेव्हाच्या सहसचिवांनी ते स्वतःच्या खात्यावरून उघडलं होतं. सर निवृत्त झाले, मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि तिकडेच वारले. मोबाइल नंबर बंद झाला आणि ओटीपी अजून त्याच नंबरवर जातो. ते पान आजही सगळ्यांना दिसतं, पण संस्थेतल्या कुणाला त्यात एक ओळ घालता येत नाही की खोडता येत नाही. झटपट कर्जाच्या जाहिराती कुणीतरी खाली चिकटवतं, त्या काढायलाही हात पोचत नाही. आणि त्याच पानावर आपल्या भागातल्या एका ज्येष्ठ कवीच्या अखेरच्या जाहीर वाचनाची चित्रफीत आहे. कवी आता नाहीत, चित्रफितीची दुसरी प्रतही नाही. कार्यकारिणीने कंपनीला मेलवर मेल पाठवले, त्यांना उत्तर आलं ते यंत्राचं.

असंच काहीसं आपण 29 जून 2020 ला मोठ्या प्रमाणावर पाहिलं. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात मी इथे जात नाही. पण दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी आपली पोरंपोरी फडावर, कोपीसमोर, बैलगाडीच्या जुवावर बसून गात होती, नकला करत होती. बीड-धारूरकडच्या बोलीचा, त्या बोलीतल्या विनोदाचा एवढा मोठा साठा त्याआधी कुणी कधी केला नव्हता. कोणत्याही विद्यापीठाला ते सुचलं नव्हतं. ज्यांनी आपले व्हिडिओ आधी उतरवून ठेवले नव्हते त्यांचे ते गेले. त्यांनी ते ठेवले नाहीत याचा दोष त्यांना देता येत नाही. बत्तीस जीबीच्या मोबाइलमध्ये ठेवणार कुठे? ठेवून घेणं हे आपलं, संस्थांचं काम होतं.

ऑर्कुट हे समाजमाध्यम 2014 मध्ये बंद झालं, गूगल प्लस 2019 मध्ये. आपल्याच देशातलं, भारतीय भाषांसाठी म्हणून निघालेलं कू 2024 मध्ये बंद पडलं. मायस्पेस या एकेकाळच्या बलाढ्य संकेतस्थळाने तर 2019 मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत गेलं. म्हणजे कंपनी परदेशी असो वा देशी, चांगली असो वा वाईट, तिचं आयुष्य तिच्या धंद्याइतकं. आपल्या काही संस्था मात्र हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालू आहेत. ज्याचं आयुष्य जास्त, त्याने सांभाळ करायचा, हा साधा हिशेब आपण उलटा करून ठेवला आहे.

मग करायचं काय? संस्थेचं स्वतःचं संकेतस्थळ हवं, हे तर झालंच. देवनागरीत पत्ता हवा असेल तर .भारत हे डोमेन 2014 पासून मिळतं. पण मला त्यापुढचं सांगायचं आहे. समाजमाध्यमसुद्धा आपलं स्वतःचं असू शकतं. त्यासाठी नवी कंपनी काढावी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचं नाव काहींनी ऐकलं असेल. नोव्हेंबर 2019 मध्ये एका नामवंत वकिलांचं ट्विटर खातं बंद केल्यावरून गदारोळ झाला, तेव्हा भारतातले बरेच लोक काही दिवस तिकडे गेले होते. ओयगेन रॉख्को या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये ते आणलं. ते फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. कुणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे नेटला सतत जोडलेल्या संगणकावर, बसवावं आणि आपल्या नावाने चालवावं. असे हजारो सर्व्हर जगभर आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात. आपण ईमेल वापरतो तसंच हे आहे. माझा मेल एका कंपनीकडे, तुमचा दुसऱ्या, पण पत्र पोचतंच ना? इथे नांदेडच्या सर्व्हरवरचा माणूस बर्लिनच्या सर्व्हरवरच्या माणसाला वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो. त्यामागे ॲक्टिव्हिटीपब नावाचा एक ठरवून दिलेला नियमसंच आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला जानेवारी 2018 मध्ये मान्यता दिली. तोच नियमसंच पाळणारं, व्हिडिओसाठीचं पीअरट्यूब आहे. ते फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट नावाच्या ना-नफा संस्थेने उभं केलं. फोटोंसाठी पिक्सेलफेड आहे. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाचं नाव हल्ली जास्त ऐकू येतं. त्याची पद्धत वेगळी आहे, आणि माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या संस्थांना मॅस्टोडॉन आणि पीअरट्यूब जास्त सोयीचं. कारण ते अख्खंच्या अख्खं आपल्या ताब्यात ठेवता येतं.

म्हणून माझं म्हणणं असं: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी असा एक सर्व्हर आपण सगळ्यांनी मिळून चालवावा. चालवायची जबाबदारी एखाद्या विद्यापीठाने घ्यावी. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी दोन विद्यापीठं आपल्याकडे आहेत, दोन्हीकडे संगणकशास्त्राचे विभाग आहेत. दर रात्री एक प्रत संभाजीनगरला, एक नांदेडला आणि एक लातूरला पडावी. संस्थांना आणि लेखकांना तिथे खाती द्यावीत. आज जिथे लोक आहेत तिथली पानं बंद करा असं मी म्हणत नाही. तिथे दुवा टाकत राहा, निमंत्रणपत्रिका टाका. पण मूळ वस्तू आपल्या घरी आणि उसनी प्रत बाहेर, एवढा क्रम बदला.

हे म्हणताना मला पैठण आठवतं, आणि तसं ते आठवायलाही हवं. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये झाली. पुढची तीन शतकं ती कुणा एका मठाच्या पेटीत नव्हती. घरोघर नकला होत गेल्या, म्हणून ती टिकली. नकला झाल्या म्हणून चुकाही शिरल्या, पदरच्या ओव्याही घुसल्या. मग शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि जो कुणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं, अशी ताकीद देऊन ठेवली. प्रती अनेक, त्या ठेवणारी घरं अनेक, आणि मूळ पाठ कोणता हे सांगणारा कुणीतरी जबाबदार माणूस. मला ज्या व्यवस्थेची मागणी करायची आहे तिच्यात याहून वेगळं काही नाही. ती आपल्या गोदाकाठी चारशे वर्षांपूर्वी चालून दाखवलेली आहे.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मॅस्टोडॉनवर आज मराठी माणसं फार थोडी आहेत. पहिलं वर्षभर आपणच आपलं वाचू. तिथलं खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना अनुयायी सोबत येतात, जुन्या नोंदी येत नाहीत, म्हणून सर्व्हर निवडताना घाई नको. छोट्या सर्व्हरचं भाडं महिन्याला एखाद्या दैनिकातल्या छोट्या जाहिरातीच्या खर्चात भागेल, पण व्हिडिओ साठत गेले की खर्च चढतो. सर्वांत मोठं काम शिव्यागाळ आणि जातिधर्मावरून होणारी भांडणं आवरण्याचं. सर्व्हर चालवणारा हा माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 प्रमाणे मध्यस्थ, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणारा, ठरतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते आणि सर्वसाधारणपणे सात दिवसांत (फेब्रुवारी 2026 पूर्वी पंधरा) निकाल लावावा लागतो. हे एकट्या वाचनालयाच्या आवाक्यातलं नाही, म्हणूनच मी सगळ्यांना मिळून सांगतो आहे. आणि उघड्यावर टाकलेला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या गोळा करतात, ते आपल्या सर्व्हरवर टाकल्यानेही पूर्णपणे थांबणार नाही. फरक एवढाच की एक्ससारख्या (पूर्वीचं ट्विटर) ठिकाणी नोव्हेंबर 2024 पासून अशी परवानगी अटींतच लिहिलेली आहे आणि आपण ती न वाचता देतो. आपल्याकडच्या अटी आपण लिहू.

आता कॉपीराइट. या विषयावर आपल्या बैठकांमध्ये फक्त भीती ऐकायला मिळते. 'काही टाकू नका, केस होईल' म्हणणारे आणि 'सगळं टाका, कोण बघतंय' म्हणणारे, असे दोनच पक्ष मला दिसतात. कायदा कुणीच उघडत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या सप्ताहांचं थेट प्रक्षेपण होऊ लागलं आहे. काल्याच्या कीर्तनाला मंडपात तीन-चार मोबाइल स्टँडवर लावलेले असतात. एका गावचं असं कीर्तन तिथल्या मुलांनी व्हिडिओच्या एका मोठ्या संकेतस्थळावर टाकलं. महाराजांनी घेतलेला अभंग नामदेवांचा, म्हणजे आपल्या नरसीच्या नामदेवांचा, सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याच दिवशी मुलांना नोटीस: या व्हिडिओतला भाग अमुक संगीत कंपनीच्या मालकीचा आहे, जाहिरातीचे पैसे तिला जातील. मुलं घाबरली, त्यांनी अख्खं कीर्तनच काढून टाकलं. पखवाजवादक काका पुढच्या महिन्यात गेले. त्यांचं ते शेवटचं सप्ताहातलं वाजवणं होतं.

इथे नेमकं काय होतं ते समजून घ्या. अशा संकेतस्थळांवर मोठ्या कंपन्या आपल्या ध्वनिमुद्रणांचे नमुने जमा करून ठेवतात आणि नव्याने चढवलेला प्रत्येक व्हिडिओ यंत्र त्यांच्याशी ताडून पाहतं. सूर जुळले की दावा आपोआप लागतो. माणसाने काही ऐकलेलं नसतं. कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात चार वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा. नामदेवांच्या शब्दांवर आज जगात कुणाचाही हक्क नाही. चाल परंपरेची असेल तर तिच्यावरही नाही. चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेली असेल तर मात्र तिच्यावर आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. कंपनीचा हक्क तिने स्टुडिओत केलेल्या मुद्रणावर, तोही प्रसिद्धीनंतर साठ वर्षं. आमच्या महाराजांच्या गळ्यावर नाही. म्हणजे त्या मुलांनी हरकतीचं बटण दाबायला हवं होतं. दावा लागणं वेगळं आणि खात्यावर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची ताकीद, बसणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यूट्यूबवर अशा दाव्याला हरकत घेतली की दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर दावा सुटतो. धार्मिक विधीत केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूटही आहे. त्यात लग्नाची वरातसुद्धा येते. पण ती सूट विधीपुरती समजावी, चित्रण नंतर नेटवर चढवताना तिच्या भरवशावर राहू नये.

आपल्यापैकी एखाद्या महाविद्यालयाने या विषयावर तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाची कार्यशाळा घेतली आणि त्यात कीर्तनकार, गोंधळी, वासुदेव, भीमगीतं गाणारे शाहीर यांना बोलावलं तर शोधनिबंधांच्या दहा परिसंवादांपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

उलट्या बाजूचा अन्यायही आपल्याच हातून होतो. एम. ए.च्या प्रकल्पासाठी मुलं खेड्यात जातात, म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणतात. प्रकल्पात नाव मुलाचं, खाली मार्गदर्शकाचं. ओवी जिने गायली ती 'एक वृद्ध महिला'. पुढे ते रेकॉर्डिंग कुणातरी चॅनलवर स्वतःचा शिक्का मारून फिरताना दिसतं. सादरकर्त्याचे हक्क हा कॉपीराइट कायद्याचाच भाग आहे. ते पन्नास वर्षं टिकतात, तिच्या संमतीशिवाय ते मुद्रण बाजारात नेता येत नाही, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर तर सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागावं हा तिचा स्वतंत्र हक्क आहे. हे काम नीट कसं करायचं याचा धडाही आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या जमवल्या, बाईचं नाव, गाव, जात, सगळं टिपून ठेवलं. त्या आता ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या पारी या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यांत ताडकळसच्या ओव्या आहेत, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. मराठवाड्याच्या बाया आपल्याला तिथे नावानिशी भेटतात आणि आपल्याच मराठी विभागांच्या कपाटात त्या निनावी सीडीवर पडून आहेत. त्यातल्या कित्येक सीडी आता कोणत्याच संगणकात उघडत नाहीत.

म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या वेळी एक पानी संमतीपत्र, साध्या मराठीत, मोठ्याने वाचून दाखवलेलं, सही किंवा अंगठा घेतलेलं, एवढं तरी आजपासून सुरू करा. नाव कसं लावायचं, नेटवर टाकायचं का, कुणी पैसे कमावले तर वाटा द्यायचा का, हे तीन प्रश्न त्यात असले तरी पुरे.

लेखकमंडळींशीही थोडं बोलायचं आहे. मराठवाड्यातले निम्मे लेखक तरी असं मानून चालतात की पुस्तक छापलं म्हणजे हक्क प्रकाशकाचे झाले. बहुतेक वेळा करार तोंडी असतो. कायदा सांगतो की हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते वैधच नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर तो संपतो. याचा अर्थ, हजार प्रतींची एक आवृत्ती निघून पंधरा-वीस वर्षं मिळेनासे झालेले कितीतरी कथासंग्रह आज लेखकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या हातात आहेत. त्यांनी ठरवलं तर श्रेयनिर्देशाच्या अटीवर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे इतरांना वापरायची आधीच मुभा देणाऱ्या, परवान्याखाली ते उद्या खुले करता येतील. नको असेल तर करू नयेत. तो निर्णय त्यांचा. पण निर्णय आपल्याकडे आहे हे त्यांना ठाऊक तरी हवं, आणि ते सांगणं साहित्यसंस्थेचं काम आहे.

हयात लेखकाच्या चालू पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवणं याला मी चोरीच म्हणतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमधून हे रोज होतं. आमच्या वाचनालयात अशी फाइल घेऊन कुणी आला तर मी त्याला ते पुस्तक काढून हातात देतो, नसेल तर मागवतो. आपल्याकडचा लेखक शेती किंवा नोकरी सांभाळून लिहितो. त्याच्या शंभर प्रती कमी खपल्या तर दुसरं पुस्तक निघत नाही.

पण जे खुलं आहे ते आपण खुलं असल्यासारखं वागवत नाही, याचं मला तितकंच दुःख आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, मग ते साहित्य सगळ्यांचं. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ 1953 मध्ये गेले. म्हणजे त्यांनी लिहिलेलं आणि त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं 1 जानेवारी 2014 पासून मुक्त आहे. त्यांच्या नावाने सभागृह आहे, दरवर्षी स्मृतिदिन होतो, हार घातला जातो. त्यांची प्रत्येक कविता, प्रत्येक कथा, प्रत्येक कादंबरी आज मराठी विकिस्रोत या नेटवरच्या मुक्त ग्रंथालयात शुद्ध, शोधता येईल अशा युनिकोड स्वरूपात असायला कायद्याची काडीचीही आडकाठी नाही. एका महाविद्यालयाच्या द्वितीय वर्षाच्या वर्गाने एका सत्रात ते करावं. नरहर कुरुंदकर 1982 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 1 जानेवारी 2043 पर्यंत थांबावं लागेल किंवा वारसांची परवानगी घ्यावी लागेल. अशी मराठवाड्यातल्या सगळ्या दिवंगत लेखकांची एक तारीखवार यादी आपल्या संस्थांनी का करू नये? जन्म-मृत्यूची साल तर आपल्याच स्मरणिकांमध्ये छापलेली असतात.

ग्रंथालयांसाठी कायद्यात आणखी दोन चांगल्या सोयी आहेत, आणि माझ्या अनुभवात क आणि ड वर्गातल्या ग्रंथालयांना त्या कुणी सांगितलेल्या नाहीत. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ते पुस्तक संगणकीय स्वरूपात साठवता येतं. आणि जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही त्याच्या ग्रंथालयासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. जतन म्हणजे नेटवर टाकणं नाही, हे भान ठेवायचं. पण वाळवी लागलेल्या अंकांपुढे हात जोडून बसायचं कारण उरत नाही. स्थानिक दिवाळी अंकांच्या, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) फाइली कुणा डीटीपीवाल्याकडे अजून असतील तर त्याही आताच मागून घ्या. ते सॉफ्टवेअर चालवणारे संगणक भंगारात निघाले आहेत.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर आपल्याकडे मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले, मी स्वतः दोन ठिकाणी गेलो होतो आणि मनापासून आनंदलो होतो. त्या आनंदाला धरूनच हे मागतो आहे. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत ज्या अंबाजोगाईचे, गोरोबा ज्या तेरचे, समर्थ ज्या जांबचे, त्या प्रदेशातल्या संस्थांनी आपलं आजचं वाङ्मय दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवू नये.

सुरुवात कुठून करायची, हेही सुचवतो. येत्या 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन आहे. 1948 मध्ये विशीत असलेले स्वातंत्र्यसैनिक आज शंभरीच्या आसपास आहेत, फार थोडे उरले आहेत. त्यांच्या आठवणी ऐंशी-नव्वदच्या दशकात बऱ्याच जणांनी कॅसेटवर घेतल्या होत्या. त्या कॅसेट उमरी, हदगाव, वसमत, औसा अशा गावांत घराघरांतल्या ट्रंकेत असणार. प्रत्येक तालुक्यातल्या ग्रंथालयाने 17 सप्टेंबरच्या आधी आपल्या गावापुरता शोध घ्यावा, घरच्यांची लेखी संमती घ्यावी, कॅसेटवर कुणाचा आवाज आहे, कुणी घेतला, कधी घेतला हे लिहून ठेवावं. विद्यापीठांनी त्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय करावी आणि तीन जिल्ह्यांत तीन प्रती ठेवाव्यात. आपल्या सर्व्हरवर जी पहिली नोंद पडेल ती यातली असावी.

आमच्या वाचनालयात चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर आहे, स्कॅनर आहे आणि रविवारी दुपारी मी स्वतः असतो. परभणी, हिंगोली आणि आसपासच्या कुणालाही कॅसेट किंवा जुने अंक घेऊन यायचं असेल त्यांनी यावं, काम होईपर्यंत बसावं आणि आपली वस्तू सोबत परत न्यावी. त्याचे पैसे लागणार नाहीत. संमतीपत्राचा मराठी नमुनाही तयार आहे, ज्या संस्थेला हवा असेल तिने तो घ्यावा, बदलावा, आपल्या नावाने छापावा. आपल्या पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते कळवावं, ही विनंती.

आपला,
एका तालुका वाचनालयाचा ग्रंथपाल,
जि. परभणी